घरी मेणबत्त्या करण्यासाठी पहिला संच कसा निवडावा

घरी मेणबत्ती करून पाहावी असे पहिल्यांदा मनात येते तेव्हा बहुतेक जण बाजारात मिळणारा तयार संच विकत घेतात. ते योग्यच आहे. मेण, वाती, सुगंधी तेल, ओतायचे भांडे आणि थर्मामीटर हे सारे चार दुकाने फिरून थोडेथोडे जमवण्यापेक्षा एकाच खोक्यात मिळाले, तर काम लवकर सुरू होते. मात्र अशा खोक्यावर वस्तूंची संख्या ठळक अक्षरांत छापलेली असते आणि मेणबत्ती नीट जळणार की नाही हे ज्यावर अवलंबून असते, त्याचा उल्लेख बहुधा कुठेच नसतो. मेण, वात आणि भांडे या तिघांचा एकमेकांशी मेळ बसला पाहिजे. तो बसत नसेल, तर संचात बावीस वस्तू असोत की बेचाळीस, हाती चांगली मेणबत्ती येत नाही.

मी घेतलेल्या पहिल्या संचात खरोखरच बावीस वस्तू होत्या. लेबले, रिबिनी, वाळलेली फुले, तीन रंगांच्या वड्या आणि चार सुंदर डबे होते. सूचनेबरहुकूम केलेली मेणबत्ती दिसायला देखणी झाली. पेटवल्यावर मात्र वातीभोवती रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी विहीर खणली गेली, कडेचे मेण जसेच्या तसे उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी ज्योत स्वतःच वितळवलेल्या मेणात बुडून विझली. डबा आठ सेंटीमीटर रुंद होता आणि वात त्याच्या निम्म्या रुंदीच्या डब्याला पुरेल एवढीच जाड होती. हे मला फार नंतर कळले. पुढील माहिती ज्या क्रमाने दिली आहे, त्याच क्रमाने विचार केल्यास असा संच विकत घेण्याआधीच ओळखता येतो.

पहिली पायरी: भांड्यातली मेणबत्ती की साच्यातली

काचेच्या ग्लासात किंवा पत्र्याच्या डब्यात ओतून तिथेच जाळायची मेणबत्ती आणि साच्यात ओतून, बाहेर काढून उभी करायची मेणबत्ती, ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांना लागणारे मेणही वेगळे असते. भांड्यासाठीचे मेण मऊ असते, ते काचेला धरून राहते. साच्यासाठीचे मेण कडक असते आणि गार होताना आकसते, म्हणून ते साच्यातून सुटते. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरमधल्या जत्रेत नवसासाठी हात, पाय, घर अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू मिळतात. त्या साच्यातल्या कामाचा चांगला नमुना आहेत, कारण मऊ मेणाला असे आकार धरताच येत नाहीत.

अनेक संचांत मऊ सोया मेणाबरोबर सिलिकॉनचे फुलाफुलांचे साचेही दिलेले असतात. असा संच घेऊ नये. त्या मेणाची फुले साच्यातून काढताना पाकळ्या तुटतात, आणि एखादी शाबूत निघालीच तरी उन्हाळ्यात ती वाकते. नवशिक्याने भांड्यातल्या मेणबत्तीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात चुका कमी होतात आणि झाल्या तरी मेण पुन्हा वितळवता येते.

लहान मुलांसोबत करायचे असेल, तर मधमाशीच्या मेणाच्या जाळीदार पातळ पत्र्यांचा संच पाहावा. पत्रा वातीभोवती पोळीच्या सुरळीसारखा गुंडाळला की मेणबत्ती तयार होते. त्यासाठी काहीही तापवावे लागत नाही.

दुसरी पायरी: मेण कोणते आहे ते नेमके जाणून घेणे

संचांत प्रामुख्याने तीन प्रकारचे मेण मिळते. पॅराफिन हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघते, स्वस्त असते, सुगंध चांगला पसरवते, पण गार होताना बरेच आकसते. त्यामुळे वातीजवळ खड्डा पडतो आणि थोडे मेण राखून ठेवून दुसऱ्यांदा ओतावे लागते. पॅराफिन घेताना ते पूर्ण शुद्ध केलेले म्हणजे ‘फुली रिफाइंड’ आहे का, हे विचारावे. अर्धवट शुद्ध केलेल्या मेणात तेलाचा अंश जास्त राहतो आणि त्याचा वास सुगंधात मिसळतो. साच्यासाठी पॅराफिन वापरताना कडकपणा यावा म्हणून शंभर ग्रॅमला साधारण दहा ग्रॅम स्टिअरिक अॅसिड घालतात.

सोया मेण सोयाबीनच्या तेलापासून करतात. भांड्यासाठीचे सोया मेण साधारण ४५ ते ५५ अंश सेल्सिअसला वितळते, हळू जळते आणि पाण्यात साबण घालून भांडी धुता येतात, म्हणून घरच्या कामाला ते सोयीचे पडते. त्याच्या पृष्ठभागावर कधीकधी दहिवरासारखा पांढुरका थर येतो. तो या मेणाचा स्वभाव आहे आणि त्याने जळण्यात काही फरक पडत नाही. बाजारात ‘सोया’ म्हणून मिळणाऱ्या मेणात पुष्कळदा पॅराफिन किंवा अन्य तेलांचे मिश्रण असते. मिश्रण वाईट असते असे नाही, पण ते सांगितलेले असावे.

मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्याला मधाचा स्वतःचा मंद वास असतो आणि ते महाग असते. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. अशा मध उत्पादक भागात खात्रीचे मेण विचारून पाहता येते. मात्र या मेणाला जाड वात लागते, त्यामुळे ते पहिल्या संचासाठी न घेता दुसऱ्या वेळी घ्यावे. पारदर्शक जेलही तूर्त टाळावे. ते अधिक तापते आणि त्यात सगळीच सुगंधी तेले चालत नाहीत.

मेणाचा वितळणबिंदू संचावर लिहिलेला असावा, असा आग्रह धरण्याचे कारण आपले हवामान आहे. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश होतात आणि कुरिअरच्या बंद गाडीत त्याहून जास्त. शेचाळीस अंशांना वितळणाऱ्या मेणाचे दाणे घरी पोहोचेपर्यंत एकच ढेकूळ झालेले असतात. त्याने मेण वाया जात नाही, ते फोडून पुन्हा वितळवता येते. पण त्याच मेणाची तयार मेणबत्ती त्याच गाडीतून भेट म्हणून पाठवली, तर ती बिघडून पोहोचते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडच्या वाचकांनी ५० अंशांच्या वरचे मेण निवडावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात अडचण वेगळी असते. दमट हवेत वाती ओल धरतात आणि जळताना तडतडतात, म्हणून त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

तिसरी पायरी: वात

संच निवडताना सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. ज्योत मेण जाळते ते वातीतून वर चढलेले मेण. वात बारीक असेल, तर पुरेसे मेण वर चढत नाही, उष्णता कडेपर्यंत जात नाही आणि विहीर पडते. वात जाड असेल, तर गरजेपेक्षा जास्त मेण वर येते, ज्योत उंच होऊन थरथरते, काजळी धरते आणि काच तापते. म्हणून वातीची जाडी भांड्याच्या आतल्या रुंदीवरून आणि मेणाच्या प्रकारावरून ठरते.

आपल्याकडच्या बहुतेक संचांवर ‘सहा इंची वाती, २० नग’ असे लिहिलेले असते. सहा इंच ही वातीची लांबी झाली. लांब वात कात्रीने कापता येते, बारीक वात जाड करता येत नाही. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: ‘ही वात किती रुंदीच्या भांड्यासाठी आणि कोणत्या मेणासाठी आहे?’ उत्तर सेंटीमीटरमध्ये किंवा इंचांत मिळाले, तर विक्रेत्याला काम कळते असे समजावे. वातीवर अक्षरे आणि आकडा असा क्रमांक असेल, तर तो लिहून ठेवावा. मात्र एका कंपनीचा दहा क्रमांक म्हणजे दुसऱ्या कंपनीचा दहा नव्हे.

माझ्या मते सर्वांत उपयोगी संच तो, ज्यात एकसारखे डबे आणि तीन वेगवेगळ्या जाडीच्या वाती असतात, मग प्रत्येकी दोनच का असेनात. एकाच मेणाच्या, एकाच मापाच्या तीन मेणबत्त्या तीन वातींवर जाळून पाहिल्या की जे समजते, ते कितीही वाचून समजत नाही.

वात सुती आणि विणलेली असावी, आधीच मेणात बुडवून कडक केलेली असावी आणि तिच्या बुडाशी पत्र्याची चकती घट्ट बसवलेली असावी. चकतीला वर आलेली छोटी मान असते. ती उंच असेल तर शेवटचे मेण उरले असतानाच ज्योत विझते आणि बूड तापत नाही. काही वातींमध्ये तार असते. अमेरिकेत २००३ मध्ये शिशाची तार असलेल्या वातींवर बंदी आली. हल्ली जस्ताची तार किंवा कागदी गाभा वापरतात. तार कशाची आहे हे सांगितले नसेल, तर टोक उघडे करून पांढऱ्या कागदावर घासावे. पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उमटली, तर ती वात जाळू नये.

चौथी पायरी: खोक्यावरचे आकडे ताडून पाहणे

संचात ‘सहा मेणबत्त्या होतात’ असे लिहिले असेल, तर ते खरे आहे का, हे साध्या गणिताने कळते. समजा डब्यात वरची कड सोडून १८० मिलिलिटर पाणी मावते. मेण पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून १८० ला ०.८६ ने गुणावे. उत्तर येते सुमारे १५५ ग्रॅम. एवढा माल एका मेणबत्तीला लागतो. त्यात मेणाच्या वजनाच्या आठ टक्के सुगंधी तेल घालायचे असेल, तर १५५ ला १.०८ ने भागावे. साधारण १४४ ग्रॅम मेण आणि साडेअकरा ग्रॅम तेल. म्हणजे अर्धा किलो मेणात अशा तीन मेणबत्त्या होतात आणि थोडे उरते. सहांसाठी ८६० ग्रॅमच्या वर मेण लागेल. संचात अर्धा किलो मेण आणि असे सहा डबे असतील, तर तीन डबे रिकामेच राहणार आहेत.

याच हिशेबाने सुगंधी तेलही पाहावे. दहा मिलिलिटरची एक बाटली अशा एका मेणबत्तीलाही थोडी कमीच पडते. दोन संचांची तुलना करताना एकूण किमतीपेक्षा मेणाच्या दर ग्रॅमला काय पडते ते काढावे आणि रिबिनी, लेबले यांचा त्यात विचार करू नये.

पाचवी पायरी: सुगंध, रंग आणि भांडे

सुगंधी तेल मेणबत्तीसाठीच बनवलेले हवे. मोगरा, चंदन, वाळा असे आपले वास त्यात मिळतात. अंगाला लावायचा स्प्रे त्यात अल्कोहोल असल्याने घालू नये, आणि खाण्याचा इसेन्स मेणात मिसळतच नाही. बाटलीवर ‘ज्वलनांक’ म्हणजे फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते तो आकडा) लिहिलेला असेल, तर तो विक्रेता जबाबदार आहे असे मानायला हरकत नाही. रंगाचेही तसेच आहे: तेलात विरघळणारा, मेणासाठीचा रंग घ्यावा. मुलांचे खडू वितळवून घातले, तर त्यातील रंगाचे कण वातीत अडकतात आणि ज्योत मंदावते. चकाकीची पूडही तेच करते. पहिली मेणबत्ती मी बिनरंगाचीच करायला सांगेन.

भांडे जाड काचेचे किंवा जोड नसलेल्या पत्र्याचे, सरळ भिंतींचे असावे. वर निमुळत्या होणाऱ्या बरण्यांत उष्णता कोंडते. चहाचे पातळ ग्लास तडकतात. दिवाळीत कोरी मातीची पणती वापरण्याचा मोह होतो, पण न झिलईची माती मेण शोषते आणि पणतीच पेट घेऊ शकते. नारळाच्या करवंटीबाबतही हीच सावधगिरी हवी, कारण ती स्वतः जळणारी वस्तू आहे. वाळलेली फुले, दालचिनी आणि पाने संचात दिलेली असली, तरी ती ज्योतीजवळ ठेवू नयेत. छायाचित्रात शोभणाऱ्या या वस्तू पेट घेतात.

संचात दांड्याचे, चोच असलेले ओतायचे भांडे आणि निदान १०० अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर असला पाहिजे. घरातला तापाचा थर्मामीटर चालत नाही, कारण त्याचा आकडा ४२ अंशांच्या आसपासच संपतो. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा मात्र चालतो, आणि वात मध्यावर धरायला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा पुरतो. या दोन वस्तूंसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. मेणासाठी वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत.

समोरासमोर विचारून घ्यायचे असेल, तर पुण्यातील रविवार पेठेतली बोहरी आळी आणि मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटचा परिसर येथे हा माल सुटा मिळतो. तिथे वात हातात घेऊन पाहता येते, हा मोठा फायदा आहे.

सहावी पायरी: पहिली मेणबत्ती

पुढील कृती भांड्यासाठीच्या सोया मेणाची आहे. संचासोबत आलेल्या कागदावर वेगळे तापमान असेल, तर त्या मेणासाठी तेच पाळावे.

डबा पुसून पूर्ण कोरडा करावा आणि वातीची चकती दुतर्फी चिकटपट्टीने बरोबर मध्यभागी बसवावी. वात सरळ ताणून चिमट्यात धरावी आणि चिमटा डब्याच्या तोंडावर आडवा ठेवावा. मोठ्या पातेल्यात चार बोटे पाणी तापत ठेवून त्यात मेणाचे भांडे ठेवावे. भांड्याच्या बुडाखाली एखादी पत्र्याची रिंग असावी, म्हणजे ते थेट पातेल्याच्या बुडावर टेकत नाही. मेण थेट आचेवर कधीही तापवू नये आणि ते तापत असताना ओट्यापासून दूर जाऊ नये. शेजारी पातेल्यावर बसेल असे स्टीलचे झाकण तयार ठेवावे. मेणाने पेट घेतलाच तर आच बंद करून झाकण घालावे. पाणी ओतले, तर जळते मेण उसळून सर्वत्र उडते.

मेण पूर्ण वितळून ८० ते ८५ अंशांवर आले की भांडे खाली उतरवून वजन केलेले सुगंधी तेल घालावे आणि दोन मिनिटे हळूहळू ढवळावे. जोरात ढवळल्यास बुडबुडे अडकतात. त्यानंतर थांबावे. मेण साधारण ६० अंशांपर्यंत उतरले की बारीक धारेने ओतावे. या थांबण्याचा कंटाळा केला, तर पृष्ठभाग खडबडीत होतो किंवा काचेपासून मेण सुटल्यासारखे डाग दिसतात. डबा पंख्याखाली किंवा फ्रिजमध्ये न ठेवता खोलीतच गार होऊ द्यावा. भांड्यातले उरलेले मेण कागदाने पुसून काढावे. मोरीत ओतल्यास ते नळीत गोठते.

दुसऱ्या दिवशी मेणबत्ती तयार दिसते, पण ती लगेच पेटवू नये. सोया मेणात सुगंध मुरायला एक ते दोन आठवडे लागतात. पॅराफिनला एक-दोन दिवस पुरतात.

सातवी पायरी: जाळून पाहणे आणि लिहून ठेवणे

वात अर्धा सेंटीमीटर ठेवून कापावी, वाऱ्याची झुळूक नसलेल्या जागी मेणबत्ती पेटवावी आणि घड्याळ पाहावे. भांड्याच्या रुंदीच्या दर अडीच सेंटीमीटरला साधारण एक तास, या हिशेबाने सात सेंटीमीटरच्या डब्यात तीन तासांच्या सुमारास वितळलेले मेण कडेला पोहोचले पाहिजे. पहिल्याच वेळी ते पोहोचू द्यावे, अर्ध्यावर विझवू नये. एकदा पडलेली विहीर पुढच्या प्रत्येक वेळी आणखी खोल होते.

चार तासांनी कडेला अजून घट्ट मेणाची भिंत उभी असेल, तर पुढच्या मेणबत्तीला एक माप जाड वात घ्यावी. तासाभरातच सगळे मेण वितळले, द्रवाची खोली एक सेंटीमीटरच्या वर गेली, ज्योत तीन सेंटीमीटरहून उंच झाली, वातीच्या टोकावर काजळीचे आळंबे उगवले किंवा काचेला हात लावणे अशक्य झाले, तर एक माप बारीक वात घ्यावी. सुगंध बदलला की हीच चाचणी पुन्हा करावी, कारण काही तेले वातीचा जोर कमी करतात. वहीत मेण, वातीचा क्रमांक, डब्याची आतली रुंदी, तेलाचे टक्के, ओततानाचे तापमान आणि कडेला पोहोचायला लागलेला वेळ एवढे सहा रकाने केले तरी पुरे. बुडाशी एक सेंटीमीटर मेण उरले की मेणबत्ती जाळणे थांबवावे. डबा गरम पाण्याच्या ताटलीत ठेवून ते मेण सोडवावे, काच साबणाने धुऊन कोरडी करावी आणि त्याच डब्यात वहीतल्या नोंदीप्रमाणे पुढची वात बसवावी.